काळ्या टोपीनं गोळी का झाडली नाही

इकडे बघा, इकडे. सोफ्याच्या फटीत. हो, मीच बोलतोय, या घरातला रिमोट. मला शोधायला लोक उशा उचलतात, चादर झटकतात, एकमेकांवर आळ घेतात, आणि मी सापडलो की "इथेच तर होता मेला" म्हणून शिव्या मलाच. जसा काही मी आपल्या पायांनी चालत जाऊन फटीत लपतो. बरं, आता सापडलोच आहे तर दोन घटका ऐका माझं. माझ्या हुकमावर टीव्हीतलं अख्खं जग बदलतं, पण माझं म्हणणं आजवर कुणी ऐकून घेतलेलं नाही.

जन्म माझा साच्यातला. गरम प्लास्टिक आत गेलं, साचा मिटला, साचा उघडला, मी बाहेर. माझी हुबेहूब भावंडं त्याच दिवशी ढिगानं निघाली, त्यामुळे कौतुक असं कुणाचंच झालं नाही. मग पोटात सर्किट बसलं, अंगावर रबरी बटणं आली आणि कपाळावर एक डोळा आला. हा डोळा फसवा आहे बरं का. त्यानं मला दिसत काही नाही, तो नुसता टीव्हीला हुकूम सोडतो. मला जग कळतं ते कानांनी आणि लोकांच्या हातांनी.

मला घरी आणलं अण्णांनी. अण्णा म्हणजे या घरचे कर्ते. वजनमापं खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. काटा खरा निघाला की त्यावर शिक्का, खोटा निघाला की जप्ती. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. कुणी काही बोललं की अण्णा ते आधी मनात तोलणार, मग "हं" म्हणणार. आल्याआल्या त्यांनी मला पारदर्शक पिशवीत कोंबलं आणि वरून रबरबँड आवळला. म्हणे धूळ बसू नये. त्या पिशवीत माझा जीव गुदमरायचा, पण रिमोटच्या जिवाचं कोण बघतो.

घरात माणसं चार, पण मला हातात धरायचा मान अण्णांचा. माई, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, मला उचलायच्या त्या फक्त पुसण्यासाठी. मुलगा विम्याच्या कचेरीत. घरात त्याला सगळे कौतुकानं चिरंजीव म्हणतात. मी त्याच्या हातात आलो की त्याच्या तळव्याला घाम फुटायचा, आणि अण्णांच्या चपला वाजल्या की तो मला टीपॉयवर असा ठेवायचा की जणू शिवलाच नव्हता. आणि चौथी सूनबाई.

सूनबाई एका प्लास्टिकच्या कारखान्यात साचे बनवायची. तिच्या बोटांना घट्टे होते. लग्न होऊन नवी नवी घरात आली तेव्हा तिनं मला पिशवीतून बाहेर काढलं, माझ्या कडेवरून नख फिरवलं आणि स्वतःशीच म्हणाली, "साचा नीट मिटलेला नव्हता. शिवण राहिलीय." माझ्या जन्मातला दोष तिनं एका नखात ओळखला. मला फार बरं वाटलं. आपल्याला कुणीतरी नीट बघितलं की बरं वाटतंच. मागून अण्णांचा आवाज आला, की पिशवी कुणी काढली. मी परत पिशवीत.

माझ्या अंगावरच्या बटणांची हकिकत सांगतो, म्हणजे घर कळेल. आवाज वाढवायच्या बटणावरची खूण पहिल्याच वर्षात पुसली गेली. चॅनल बदलायची बटणं दबून सपाट झाली. आणि वरच्या कोपऱ्यात एक बटण असं होतं, की ते कारखान्यातून आलं तसंच कोरं करकरीत. आवाज पूर्ण बंद करायचं बटण. त्याला या घरात कुणी बोटच लावलं नाही. जाहिराती लागल्या तरी आवाज बंद करायचा नाही, उलट त्यांच्यावर ओरडून बोलायचं, ही घरची रीत.

आणि बोलायचं कशावर? तर 'वैराण खिंड'वर.

'वैराण खिंड' ही रोज संध्याकाळी लागणारी मालिका. कुठल्याशा लांबच्या ओसाड मुलखातली. घोडे, बंदुका, गुरांचे कळप, धूळ, आणि सगळे जण अस्खलित आपल्या भाषेत बोलणारे. त्यांची मूळ नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून आमच्या मंडळींनी त्यांना आपली नावं दिली. हजारो गुरांचा मालक तो 'म्हातारा'. दर आठवड्याला बाजू बदलणारा तो 'लंगडा'. आणि नायक 'काळी टोपी'.

ही मालिका बघायला समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर यायचे आणि वरच्या मजल्यावरच्या हेडबाई यायच्या. हेडबाई शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर दोन माणसं बसली की त्यांना वर्ग भरल्यासारखं वाटतं. अण्णा मधल्या खुर्चीत, मी अण्णांच्या मुठीत. मालिका चालू असताना बोलायचं नाही, हा पहिला नियम. जाहिरातीत फक्त मालिकेवर बोलायचं, हा दुसरा. घरचं काय ते नंतर, हा तिसरा. आणि नंतर अण्णांना जांभई येते, हे मी माझ्याकडून सांगतो.

तर झालं असं, की काळी टोपी खिंडीच्या तोंडाशी दबा धरून बसला होता. ज्यानं त्याच्या बापाचं घर जाळलं तो माणूस समोरून एकटा येत होता. काळ्या टोपीनं नेम धरला. आणि गोळी झाडलीच नाही. बंदूक खाली केली, घोडा वळवला, निघून गेला. का, ते मालिकावाल्यांनी सांगितलं नाही. पक्के लबाड. कारण सांगितलं की लोक उठून जेवायला जातात, हे त्यांना ठाऊक.

मग काय विचारता महाराजा! आमच्या दिवाणखान्यात महिनाभर दुसरा विषय नाही. डॉक्टरांचं ठाम मत, की काळ्या टोपीची अक्कलदाढ दुखत होती. ते म्हणत, गाल बघा त्याचा, उजवीकडे सुजलाय, दाढ ठणकत असताना माणसाचा नेम लागत नाही. हेडबाईंच्या मते हा सगळा संस्कारांचा प्रश्न. त्याला लहानपणी कुणीतरी चांगली शिक्षिका भेटली असणार. अण्णा दोन्ही पारड्यांत घालून तोलत बसायचे. एकीकडे बापाचं घर, दुसरीकडे माणसाचा जीव. चिरंजीव शेवटी जो बोलेल त्याच्याशी सहमत. माईंचा एकच प्रश्न, तो त्या रोज विचारायच्या आणि रोज लोक हसायचे. त्या म्हणायच्या, घोड्याला पाणी कधी दाखवतात हो हे लोक?

न झाडलेल्या एका गोळीचा एवढा विचार. आणि घरातल्या माणसांच्या मनात काय चाललंय, याचा विचार करायला कुणाला सवड नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

कारण त्याच दिवसांत सूनबाईच्या कारखान्याची नवी शाखा दुसऱ्या शहरात निघत होती. तिथलं साचेखातं तिनं सांभाळावं, असं मालकांनी तिला विचारलं होतं. आठवडाअखेरीस उत्तर हवं. नाही दिलं तर दुसरं कुणीतरी तयारच होतं. हे मला कसं कळलं? चिरंजीव मला हातात धरून नुसते बसले होते आणि ती त्यांना सांगत होती. त्यांच्या तळव्याला घाम फुटला. म्हणाले, "बघू. अण्णांच्या कानावर घालू." म्हणजे तिनं घालायचं.

तिनं घातलं की. जाहिरात लागल्यावर म्हणाली, अण्णा, मला कारखान्यातून विचारणा झालीय. अण्णा म्हणाले, हो हो, पण आधी मला एक सांग, त्यानं घोडा डावीकडे का वळवला? दुसऱ्या दिवशी तिनं मालिका संपल्यावर विषय काढला, तर हेडबाई लंगड्याचं चारित्र्य तपासत होत्या आणि त्यांना मध्ये बोललेलं चालत नाही. तिसऱ्या वेळी तिनं नुसतं "अण्णा" म्हटलं, आणि अण्णांच्या अंगठ्यानं टीव्हीचा आवाज दोन घरं वाढवला. त्या अंगठ्याची मला मनापासून लाज वाटली. पण मी पडलो हुकमाचा ताबेदार, करणार काय.

ती पाण्याचा पेला खाली ठेवून आत गेली. पेला जरा जोरात वाजला. पाचही जणांनी ऐकला असेल, पण त्याचा हेतू काय असावा यावर कुणी चर्चा केली नाही.

मग एक दिवस रस्त्यावर खोदकाम करणाऱ्यांनी केबल तोडली. ऐन 'वैराण खिंड'च्या वेळेला. अख्ख्या इमारतीत टीव्ही मुका. मग माझे जे हाल झाले म्हणता! आधी मला पिशवीतून काढलं. मग तळहातावर आपटलं. मग पोटातले सेल काढून फिरवले, चोळले, परत घातले. डॉक्टरांनी तर सेल दातांनी चावून बघितला. माझा काडीचा दोष नसताना मी चोर. शेवटी केबलवाल्याचा निरोप आला, की उद्याशिवाय काही होत नाही. हेडबाई मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात सूनबाई कारखान्यातून आली. मंडळींची अवकळा बघून म्हणाली, आजचा भाग आमच्या कँटीनमध्ये लागला होता, मी बघूनच आले.

त्या क्षणी या घरात जे घडलं ते कधी घडलं नव्हतं. अण्णा आपल्या खुर्चीवरून उठले आणि सूनबाईला तिथे बसवलं. माईंनी चहा आणला, तोही आधी तिला. आणि अण्णांनी मला तिच्या हातात दिलं. टीव्ही बंद होता, तेव्हा माझा उपयोग शून्य. पण मान तो मान. तिच्या घट्ट्यांचा स्पर्श झाला, आणि तिनं माझ्या कडेच्या शिवणीवरून पुन्हा एकदा नख फिरवलं.

ती सांगू लागली. आज म्हणे सगळा भाग म्हाताऱ्याच्या थोरल्या सुनेचा होता. ही सून घोड्यांना वळण लावण्यात तरबेज. पलीकडच्या दरीतल्या गुरंवाल्यांनी तिला बोलावलंय, की आमचा सगळा तबेला तू सांभाळ. तिला जायचंय. पण घरी सांगणार कधी? म्हातारा रोज संध्याकाळी शेकोटीभोवती चार टाळकी जमवतो आणि काळ्या टोपीनं गोळी का झाडली नाही यावर खल करतो. सून तोंड उघडते, म्हातारा म्हणतो, नंतर. आणि पलीकडच्या दरीतला माणूस उत्तर घ्यायला परवा येणार.

मंडळी अशी तल्लीन झाली, की श्वास ऐकू यावेत. हेडबाई म्हणाल्या, पोरीचा हेतू शुद्ध आहे, अंगात गुण असून वाया जातोय. डॉक्टरांनी शंका काढली, की तिला घर नकोसं झालं असेल. हेडबाईंनी त्यांना गप्प बसवलं. घर नकोसं असतं तर ती न सांगता गेली असती, सांगायला थांबली कशाला? अण्णांनी निरीक्षकासारखं विचारलं, नवरा काय म्हणतो तिचा?

"नवरा म्हणतो, बघू," सूनबाई म्हणाली.

सगळे खो खो हसले. सगळ्यांत मोठ्यानं चिरंजीव. म्हणाले, "नेभळट आहे लेकाचा. त्यानं सरळ सामान बांधून तिच्याबरोबर निघायला हवं." हेडबाईंनी त्यांना शाबासकी दिली. मला हसू आवरेना, पण मला हसायला बटण नाही.

मग सगळे अण्णांकडे वळले. अण्णा किती तरी वेळ तोलत होते. शेवटी म्हणाले, "म्हातारा गाढव आहे. ज्या घरात बोलायला पाळी लावावी लागते, तिथे गुरं राहतात, माणसं नाही राहत. तिनं जावं. माझा शिक्का याच्यावर." आणि त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली, शिक्का मारतात तशी. मग पुढे वाकून विचारलं, "मग? गेली का ती?"

"तिथेच संपला भाग," सूनबाई म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी केबल आली आणि चुकलेला भाग पुन्हा लागला. मंडळी वेळेआधी हजर. आज थोरल्या सुनेला डोळे भरून बघायचं होतं. भाग सुरू झाला. लंगड्यानं बाजू बदलली, गुरं हंबरली, दोन माणसं मेली, भाग संपला. थोरल्या सुनेचा आवाज मी कान देऊन शोधत होतो. नाही. ती एकदा ओसरीवर उभी राहिली, एवढंच म्हणे, आणि तेही माईंनाच दिसलं.

आता तुम्हाला वाटेल, लख्ख प्रकाश पडला असेल. छे! माझी मंडळी एवढ्या सहजी ऐकणारी नव्हेत. त्यांना प्रकाश पडला तो असा, की चॅनलवाल्यांनी प्रसंग कापला. हेडबाई भडकल्या. एवढा विचार करायला लावणारा प्रसंग कापायचा आणि हाणामारी ठेवायची? डॉक्टरांनी यामागे जाहिरातदारांचा हात ओळखला. चिरंजीव म्हणाले, निषेध केला पाहिजे. अण्णांनी चॅनलला फोन लावायला घेतला. त्या सुनेवर अन्याय होतोय, म्हणाले, आणि मी गप्प बसणार नाही. सूनबाई दारात उभी होती. तिच्या बांगड्यांची किणकिण एकाच जागी थांबली होती.

तेव्हा माई बोलल्या. रोज घोड्याच्या पाण्याचं विचारून हसं करून घेणाऱ्या माई.

"कापला नाही हो. तो प्रसंग आपल्याच घरी चाललाय."

हेडबाईंना एकदम आठवलं, की वरती गॅसवर दूध राहिलंय. डॉक्टरांच्या लक्षात येईना, ते विचारत होते, म्हणजे कँटीनमध्ये वेगळं चॅनल होतं का? हेडबाई त्यांना दंडाला धरून घेऊन गेल्या. खोलीत राहिला तो टीव्हीचा गोंगाट. कुठल्याशा साबणाची जाहिरात.

अण्णांची मूठ माझ्याभोवती आवळली गेली. मला वाटलं, आता आवाज वाढणार. अंगठा बटणांवरून सरकला, चाचपडला, पिशवीचं प्लास्टिक कुरकुरलं. आणि तो थेट वरच्या कोपऱ्यात गेला. त्या कोऱ्या करकरीत बटणावर. जन्मापासून वाट बघत बसलेलं माझं ते बटण पहिल्यांदा दबलं आणि घर एकदम शांत झालं. एवढी शांतता, की आतल्या फ्रीजची घरघर ऐकू आली.

"बोल," अण्णा म्हणाले.

ती बोलली. सगळं सांगितलं. मध्ये कुणी तिला तोडलं नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "म्हाताऱ्याला गाढव कोण म्हणालं होतं?"

"तुम्हीच, अण्णा."

"हं." अण्णांचा अंगठा माझ्या पाठीवर नुसता फिरत होता. त्यांना राग आला होता, खोटं कशाला बोलू. फसवून शिक्का मारून घेतल्याचा राग. पण नोकरीत त्यांनी एकदा मारलेला शिक्का कधी खोडला नव्हता. "मारला तो मारला," ते म्हणाले. "उद्या त्यांना हो म्हणून सांग."

सूनबाई गेली. चिरंजीव आधी "बघू" म्हणाले. पण त्यांच्या "बघू"ला "बरं" म्हणण्याऐवजी माई त्यांचंच "नेभळट आहे लेकाचा" त्यांना ऐकवू लागल्या. शेवटी त्यांनी विम्याच्या कचेरीत बदलीसाठी अर्ज केला आणि सामान बांधून निघाले. घरात दोनच माणसं उरली. माई पुसायला उचलतात तेव्हा मला थोडा वेळ उगाच हातात धरून ठेवतात. घर रिकामं वाटतं त्यांना. मलाही वाटतं.

'वैराण खिंड' मात्र चालूच राहिली. डॉक्टर येतात, हेडबाई येतात, दाढ आणि संस्कार यांचा तंटा मिटलेला नाही. आणि परवा शेवटचा भाग लागला. महिनाभर जाहिरात चालली होती, की अखेर काळी टोपी स्वतःच्या तोंडानं सांगणार, त्या दिवशी गोळी का झाडली नाही. डॉक्टर दवाखाना लवकर बंद करून आले. हेडबाई नवी बॅटरी घेऊन आल्या, ऐन वेळी माझ्या पोटात दुखू नये म्हणून.

काळी टोपी शेकोटीपाशी बसला. घसा खाकरला. म्हणाला, "ऐक, त्या दिवशी खिंडीत…" आणि अण्णांचा फोन वाजला.

सूनबाईचा होता. आवाज मला नीट आला, कारण अण्णा कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्यानं लावतात. तिनं बनवलेला पहिला मोठा साचा गरम असतानाच तडकला होता. सगळ्यांसमोर बोलणी बसली होती. ती म्हणाली, काही नाही अण्णा, तुमची मालिका चालू असेल, मी नंतर करते.

कोपऱ्यातलं बटण दबलं.

"बोल," अण्णा म्हणाले.

डॉक्टर कासावीस झाले. कुजबुजत म्हणाले, अहो, सांगतोय तो, ओठ हलताहेत, कारण सांगतोय. अण्णांनी मला गच्च धरून ठेवलं. डॉक्टरांनी माझ्याकडे हात नेला, तर हेडबाईंनीच त्यांच्या हातावर चापट मारली. साचा कसा तडकला, कुठे तडकला, पाणी फिरायची नळी कुठून गेली होती, ती कितीतरी वेळ बोलत राहिली. अण्णांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते एवढंच विचारत होते, मग तू काय म्हणालीस? मग पुढे? शेवटी ती हसली. म्हणाली, उद्या पुन्हा ओतून बघते. फोन संपला तेव्हा टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.

काळ्या टोपीनं गोळी का झाडली नाही, हे या घरात कुणालाच कळलेलं नाही. मलाही नाही. मला दिसत नाही आणि त्या वेळी ऐकू येत नव्हतं. डॉक्टर अजून दाढच म्हणतात.

आता माझी पिशवी फाटलीय, पाठीचं झाकण हरवलंय, सेल रबरबँडनं बांधलेत. फार दिवस काढेन असं वाटत नाही. पण कोपऱ्यातल्या त्या बटणावरची खूण आता पार पुसली गेलीय, आणि माझ्या अंगावर मला त्याचाच अभिमान आहे. तेव्हा माझी तुम्हाला एकच हात जोडून विनंती, म्हणजे हात असते तर जोडले असते. तुम्ही तो शेवटचा भाग पाहिला असेल, तुम्हाला कारण ठाऊक असेल, तर कृपा करून इथे येऊन सांगू नका. मला आपलं परत फटीत ठेवा आणि घरी जा. तिथे कुणीतरी पेला जरा जोरात ठेवला असेल.